भिंगारदिवे मॅडमचा कंडक्टर

भिंगारदिवे मॅडमचं आणि माझं पहिलं भांडण पंख्यावरून झालं. नगरला माळीवाडा स्टँडच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर गुंजाळ सरांचा क्लास होता. मी तिथला टायपिंगवाला. एका खोलीत माझी खडखडणारी मशिनं आणि शेजारी काच लावलेल्या खोलीत सरांनी नव्यानं आणलेले कॉम्प्युटर. नव्वदीची मधली वर्षं ती. त्या काचेच्या खोलीचा थाट काय सांगू! चपला बाहेर, आत एसी, प्रत्येक कॉम्प्युटरला प्लास्टिकचं झबलं. एका उन्हाळ्यात तो एसी बंद पडला. लगेच एक ठेंगणी, घट्ट वेणीची, सावळी बाई माझ्या वर्गात शिरली, चालू टेबलफॅनची पिन उपटली आणि पंखा काखोटीला मारून निघाली.

"अहो, अहो! इथं माणसं बसलीत!" मी ओरडलो.

"माणसांना घाम पुसायला हात आहेत, सर. त्यांना नाहीत," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

ही शालन भिंगारदिवे. कॉम्प्युटर शिकवायला नुकतीच लागली होती. मी तणतणत गुंजाळ सरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "जाऊ द्या हो, हुशार आहे." मला राग आला तो आलाच. कारण टायपिंगवाला हुशार आहे असं आयुष्यात कुणी म्हणत नाही.

पुढं ओळख झाली तसा राग गेला, पंखा मात्र कायमचा तिकडंच राहिला. मॅडम लुनावरून यायच्या. लुना चढाला दम खायची, मग त्या पायानं रेटा द्यायच्या, पण उतरून ढकलायच्या नाहीत. डब्यात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि कांदा टेबलावर ठेवून बुक्कीनं फोडायच्या. काचेच्या खोलीबाहेर, अर्थात. एवढा नियम पाळत. रविवारी चर्चमध्ये गायनाला उभ्या राहायच्या आणि सोमवारी आवाज बसलेला असला तरी पोरांवर ओरडायचं काही थांबायचं नाही. त्यांची आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. नवरा गेल्यावर त्या बाईनं भांडी-बेडपॅन करून पोरीला शिकवलं. हे मॅडम स्वतःच सांगायच्या, आणि आवाज खाली न करता सांगायच्या.

शिकवताना 'चूक' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. पोरानं काही गोंधळ घातला, पडदा काळा झाला, की त्या फक्त म्हणायच्या, "परत." पोरगं रडवेलं झालं तरी "परत". एकदा तर गुंजाळ सरांनी फीच्या पावतीवर नाव चुकवलं, तेव्हा त्यांनाही "परत" म्हणाल्या. सरांनी मुकाट्यानं दुसरी पावती फाडली.

तर झालं असं, की सरांचा पुतण्या पुण्याहून एक गेम घेऊन आला. फ्लॉप्यांवर उतरवलेला, परदेशी. त्यात एक माणूस बनवायचा, त्याला खोली द्यायची, नोकरी लावायची, जेवूखाऊ घालायचं आणि आयुष्य काढायचं. गोळ्या नाहीत, गाड्यांची शर्यत नाही, नुसता संसार. पोरं खुळी झाली. जो तो डॉक्टर नाहीतर मोठ्या कंपनीचा साहेब व्हायचा. बंगला, गाडी, पोहायचा तलाव, झालं.

मॅडमनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मी झाडूवाली होणार." पोरं हसली. मॅडम दुपारच्या सुट्टीत बसल्या, भाकरीचा डबा बाहेर तसाच ठेवून, आणि झाडूवालीचं आयुष्य काढायला लागल्या. पडद्यावरची झाडूवाली उठायची, कामाला जायची, यायची. बढती काही मिळेना. खोली भाड्याचीच. शेवटी तो गेम इंग्रजीत बोलला, की ह्या नोकरीत पुढं काही नाही, दुसरं काम शोधा.

"परत," मॅडम स्वतःलाच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी हमाल झाल्या. मग स्वयंपाकी. पुरा आठवडा त्यांनी दुपारी तेच केलं. दर वेळी तेच उत्तर. आठवडा संपला तेव्हा माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल.

"सर, हे कुणी ठरवलं हो? आया झाली म्हणजे आयुष्य अडकलं? माझ्या आईचं कुठं अडकलं? दोन खोल्या बांधल्या तिनं. मला शिकवलं. नाताळाला साऱ्या गल्लीला करंज्या वाटते!"

"अहो, खेळ आहे तो," मी म्हणालो.

"खेळ आहे म्हणूनच तर! खेळातसुद्धा जगू देत नाहीत."

मी कागद गुंडाळला मशिनमध्ये आणि टायपिंग सुरू केलं.

त्यातच तो बोर्ड लागला. गुंजाळ सर माणूस वाईट नव्हता, पण क्लास चालवायचा म्हणजे जाहिरात आली. त्यांनी पेंटरकडून भलामोठा बोर्ड रंगवून घेतला आणि जिन्यावर टांगला. एका बाजूला घमेलं उचललेला माणूस, दुसऱ्या बाजूला टाय लावून कॉम्प्युटरपुढं बसलेला. मधोमध लाल अक्षरात: 'मजूर की मॅनेजर? आजच ठरवा!'

मॅडमनी लुना लावली, वर बघितलं आणि तडक केबिनमध्ये घुसल्या. भिंत पातळ होती, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. अगदी कान लावून ऐकलं म्हणा ना.

"सर, तो बोर्ड काढा."

"का? प्रवेश वाढतील मॅडम."

"ह्या जिन्यानं जी पोरं चढतात त्यांचे आईबाप कोण आहेत? हमाल, कंडक्टर, कारखान्यातले. त्यांच्याच पैशानं फी भरायची आणि वर त्यांनाच घमेलं दाखवायचं?"

"अहो, त्यांनाही वाटतं ना, पोरानं आपल्यासारखं होऊ नये."

"तसं वाटणं वेगळं. तुम्ही त्यांच्या तोंडावर लिहून लावलंय."

सर हसले. "मॅडम, साधं काम करून चांगलं आयुष्य निघत असतं, तर तुमच्या त्या गेममध्ये निघालं नसतं का?"

 मग मॅडमचा आवाज आला. "मी गेम करते. दिवाळीनंतर आपलं प्रदर्शन आहे. पालक येतील. साधं काम करणाऱ्यातल्या एकानं जरी साधंच काम निवडून शेवट गाठला, तर बोर्ड उतरवायचा. नाही गाठला, तर मी नोकरी सोडते."

"सोडता?" सर चपापले. कॉम्प्युटर शिकवणारं माणूस तेव्हा नगरात शोधून सापडत नव्हतं. "बरं," ते शेवटी म्हणाले, "पण लॉटरी नाही लावायची हं! कंडक्टरला लॉटरी लागली आणि बंगला बांधला, असलं चालणार नाही."

"लॉटरी मला नकोच आहे," मॅडम म्हणाल्या.

आणि बाईनं खरंच मनावर घेतलं. कॉम्प्युटरवर तेव्हा मराठी उमटत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. चित्रं नाहीत. तीन पट्ट्या फक्त: पैसा, तब्येत आणि घरची माणसं. रोज कॉम्प्युटर विचारणार, आज काय करायचं? कामावर जायचं, घरी थांबायचं, पाहुण्यांकडं जायचं, दवाखाना गाठायचा. कुठलीही पट्टी संपली की खेळ खलास. तिन्ही शाबूत ठेवून निवृत्त झालात, तर जिंकलात. कामं होती आया, कंडक्टर, हमाल, साखर कारखान्यातला फिटर, न्हावी, वॉचमन, भाजीवाली, आणि अशीच आणखी. डॉक्टर, कलेक्टरही ठेवले होते. "त्यांनी काय घोडं मारलंय?" म्हणाल्या.

माहिती काढायची त्यांची तऱ्हा मात्र अचाट. मी एकदा सलूनमध्ये बसलो होतो, गालाला साबण लावलेला, अर्धी दाढी झालेली. त्या काळी आमच्याकडं बायका पुरुषांच्या सलूनच्या पायरीलाही उभ्या राहत नसत. मॅडम सरळ आत आल्या.

"पंढरीदादा, एक विचारायचंय. दिवसभर उभं राहून पाय कोणत्या वयात दुखायला लागतात?"

पंढरी न्हाव्याचा वस्तरा माझ्या गळ्याशी थांबला. "आँ?"

"आणि सोमवारी दुकान बंद ठेवता, तर त्या दिवशी घरचे खूश असतात का कटकट करतात?"

पंढरी विचारात पडला. बाकड्यावरचे गडी पेपर तोंडापुढं धरून बसले. "खूश कसले मॅडम? सोमवारी बायको सगळ्या घरादाराचे केस कापून घेती माझ्याकडून, माहेरच्यांचेसुदिक!" मॅडम खदखदून हसल्या, थँक्यू म्हणाल्या आणि गेल्या. माझी अर्धी दाढी वाळून कडक झाली होती. ती गोष्ट मी त्यांना कैक दिवस ऐकवत होतो. गेममध्ये न्हाव्याच्या सोमवारी घरची पट्टी वाढते खरी, पण तब्येतीची कमी होते, ती त्या अर्ध्या दाढीची कृपा.

आयाचं काम त्यांनी आधी केलं. ते निघालं. आई स्वतः शेजारी बसून सांगत होती ना, कधी रात्रपाळी घ्यायची, कधी मेट्रनशी भांडायचं. अडला तो कंडक्टर. मॅडम म्हणायच्या, "कंडक्टरला स्टँडवरचा कंट्रोलर करायचं तर परीक्षा द्यायला लागते, आणि अभ्यासाला वेळ काढला की पैसा उतरतो. पण निघतं, सर. मी तीनदा काढून बघितलं. जरा जपून खेळलं की निघतं." डोळ्यांखाली काळं आलेलं. लुना बंद पडली तर स्टँडपर्यंत पायी.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. जिना पालकांनी भरला. बाहेर बोर्ड टांगलेलाच. सरांनी कोऱ्या शर्टावर टाय लावला होता. मॅडम निळी साडी नेसल्या होत्या आणि कॉम्प्युटरशेजारी उभ्या होत्या, ओठ आवळून.

पहिला हमाल बसला. वर्गातल्या एका मुलानं त्याला बटणं समजावली. कामांची यादी आली. हमालानं बोट फिरवलं आणि कलेक्टरवर टेकवलं. दुसरी भाजीवाली. तिनं डॉक्टर घेतलं. कारखान्यातला फिटर आला, तोही कलेक्टर! ओळीनं सगळे कलेक्टर आणि डॉक्टर. एकालाही आपलं काम नको. गुंजाळ सर लांबून बघत होते आणि मिशीत हसत होते. मॅडमचं तोंड उतरलं. माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "सर, हे मला सुचलंच नाही हो." मला त्यांची इतकी दया आली, की माझ्याकडं दुसरा पंखा असता तर त्या दिवशी तोही दिला असता.

मग शेळके कंडक्टर आले. त्यांचा पोरगा मॅडमच्याच वर्गात होता. खाकी अंगावरच, ड्युटीवरून थेट. मागं त्यांची बायको इंदूबाई, पदर खोचलेला. शेळके खुर्चीत बसले आणि यादी न वाचताच म्हणाले, "मला आपली कंडक्टरीच द्या. दुसरं मला काय येतंय?"

मॅडमनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

शेळके खेळू लागले. आज काय करायचं? कामावर. आज? कामावर. पोराची शाळा आहे, बोलावलंय. कामावर. तब्येत बरी नाही. कामावर. सण आहे. कामावर.

"शेळके, रजा घ्या की," मॅडमना राहवेना.

"रजा कशाला? रजा टाकली की चांगला रूट दुसऱ्याला जातोय," शेळके म्हणाले आणि पुन्हा कामावर गेले. पैशाची पट्टी वर चढत होती. लोक वाहवा करत होते. आणि अचानक खेळ थांबला. पडद्यावर आलं: घरची माणसं संपली. तुमची मुलं तुम्हाला ओळखत नाहीत.

सगळे हसले. शेळकेही हसले. "बराबर हाय," म्हणाले. "धाकटी पोरगी मला अजूनबी पावनाच समजती." मग त्यांचं हसू गेलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पडद्याकडं बघत बसले.

"सरका," इंदूबाई म्हणाली.

"तुला काय येतंय त्यातलं?"

"सरका म्हनलं ना."

शेळके सरकले. इंदूबाई खुर्चीच्या कडेला टेकली. तिनं पोराला यादी वाचायला लावली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आया, कंडक्टर, हमाल, फिटर, सगळी. पुन्हा एकदा वाचायला लावली. मग मॅडमकडं मान वळवून विचारलं, "माझं काम न्हाई का ह्यात?"

"तुम्ही काय करता?"

"इड्या वळते. पंधरा वर्सं झाली."

नगरात गल्लोगल्ली बायका दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. आम्ही सगळे त्यांच्यापुढून रोज जातो. मॅडमही जात होत्या. त्यांनी पडद्यावरच्या यादीवर पुन्हा नजर फिरवली.

"ऱ्हाऊ द्या," इंदूबाईच म्हणाली, "मग ह्यांचंच काम घेते. हे कसं करायला पायजे हुतं ते मला ठावं हाय."

आणि ती बाई खेळली. पोरगा बटणं दाबत होता, ती नुसतं सांगत होती. पोराच्या शाळेला रजा. स्वतःच्या आईच्या आजारपणाला रजा. मग चार दिवस लागोपाठ काम. दिवाळीत मात्र कामावर, "तवा डबल मिळतंय, भाऊबीजेला येऊ दे." परीक्षेचा अभ्यास. गर्दी जमली. शेळके मागून कुरकुरत होते, "लई रजा झाल्या ह्या. लई झाल्या." ती वळूनही बघत नव्हती. पडद्यावरचा कंडक्टर कंट्रोलर व्हायच्या बेतात आला, आणि दिवे गेले.

भारनियमन! सगळा मजला अंधारला. लोकांनी "आरंऽऽ" केलं. खेळ पुसला गेला, कारण मध्येच साठवून ठेवायची सोय मॅडमनी केलीच नव्हती. गुंजाळ सर म्हणाले, "चला, चहा घ्या मंडळी. झालं प्रदर्शन."

"झालं नाही," मॅडम म्हणाल्या. खिडकी उघडली, पदरानं घाम पुसला आणि इंदूबाईपुढं स्टूल ओढून बसल्या. "वीज येईल. परत खेळाल?"

"खेळंन की. सैपाक करूनच आलीय."

निम्मे लोक गेले. निम्मे थांबले. शेळकेंची संध्याकाळची ड्युटी होती. ते उठले, घड्याळ बघितलं, पुन्हा बसले. वीज आली तेव्हा चहा गार झाला होता. इंदूबाईनं पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी शेळके कुरकुरले नाहीत. कॉम्प्युटरनं विचारलं, आज मुलीचं लग्न ठरवायला पाहुणे येणार, काय करायचं? इंदूबाई बोलायच्या आधी तेच म्हणाले, "घरीच थांबायचं." इंदूबाईनं पहिल्यांदा मान वळवून नवऱ्याकडं बघितलं.

शेवटी पडद्यावर अक्षरं आली: तुम्ही निवृत्त झालात. तुमचं आयुष्य चांगलं गेलं.

टाळ्या पडल्या. मॅडम रडत होत्या आणि हसत होत्या. गुंजाळ सर पुढं आले. "छान, छान. पण मॅडम, आपलं ठरलं होतं, साधं काम करणाऱ्यानं खेळायचं. ह्या तर कंडक्टरच्या मिसेस."

"पंधरा वर्सं इड्या वळतीय म्हनलं की मघाशी," इंदूबाई फणकारली. "ते काय काम न्हाई व्हय? का मी बसून खाती?"

सर टाय सैल करत म्हणाले, "बरं बाई, बरं." दुसऱ्या दिवशी शिपाई जिन्यात शिडी लावून बोर्ड उतरवत होता, तेव्हा मी खालून शिडी धरली होती. मुद्दाम धरली.

मला वाटलं, मॅडम आता पेढे वाटतील. त्यांनी मात्र दोन दिवस कॉम्प्युटरपुढून मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बोर्ड उतरला, सर. पण तिनं विचारलं आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझी यादी मीच केली होती. त्यात ती नव्हती."

"टाका की मग आता. एक काम वाढवायला किती वेळ?"

"टाकलं. निघत नाही."

"म्हणजे?"

"विडीवालीचं आयुष्य शेवटपर्यंत जात नाही. घरात बसून काम, त्यामुळं घरची पट्टी ठीक राहते. पण पैसा वाढला की तब्येत संपते, तब्येत राखली की पैसा संपतो. कितीदा केलं. कुठंतरी अडकतंच."

"मग मजुरी थोडी वाढवून टाका. तुमचाच गेम आहे."

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मी मुकाट्यानं रिबन बदलायला घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला पुण्याला छापखान्यात काम मिळालं. टायपिंगचे दिवस संपत आलेच होते. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला क्लासवर गेलो तर मॅडम नाहीत. शिपाई म्हणाला, शेळक्यांकडं असतील, हल्ली तिकडंच असतात. माझी गाडी तासाभरात होती, तरी पिशवी घेऊन गेलो.

इंदूबाईच्या दारात चार-पाच बायका बसल्या होत्या. त्यांच्यात मॅडम, मांडी घालून, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं पिवळी झालेली. एक विडी वळत होत्या, ती काही केल्या वळत नव्हती. सगळा तंबाखू एका टोकाला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"मॅडम, निघालो मी," मी म्हणालो.

"सर! बसा ना." मग त्यांना माझी पिशवी दिसली. उठायला गेल्या, तर मांडीवर सूप. बसल्याबसल्याच हात जोडले.

"निघालं का विडीवालीचं?" मी विचारलं.

"नाही." त्यांनी इंदूबाईकडं बघितलं. इंदूबाईचे हात चालूच होते, ती खोकली आणि पुन्हा वळायला लागली. "खोटं काढणार नाही, सर. मजुरी वाढवून, लॉटरी लावून, असं काढणार नाही. पण न काढता सोडणारही नाही मी हिला."

"व्हय, आन् तवर निस्तं बोलू नका," इंदूबाई म्हणाली. "हात चालवा. संध्याकाळी माल द्यायचाय."

मॅडमनी मान खाली घातली आणि नवं पान उचललं. मी स्टँडकडं निघालो. गल्लीच्या तोंडाशी वळून बघितलं, तर त्या दुसऱ्या कुठल्याशा बाईला विचारत होत्या, पाठ कधीपासून दुखते म्हणून, आणि ती बाई हातानं पाठीवरची जागा दाखवत होती.